सुशीलाबाईची पॉलिसी

तारनाक्याच्या मागच्या अंगाला, लालापेठच्या वाटेवर नामदेवराव बिरादारांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, आणि उदगीर-भालकीकडच्या कितीतरी गावांत त्या घराची ख्याती एखाद्या देवस्थानासारखी होती. फरक एवढाच, की देवस्थानाला माणूस बरा झाल्यावर जातो आणि बिरादारांकडे आजारी पडल्यावर. कुणाला मुतखडा झाला, कुणाची सून बाळंतपणात अडली, कुणाच्या म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालं, की गावात पहिलं वाक्य निघायचं, हैदराबादला नामदेवकडं न्या. मग सकाळच्या गाडीनं एक पेशंट, त्याच्यासोबत चार माणसं, घोंगडी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी असा सगळा लवाजमा दारात हजर. आगाऊ कळवायची पद्धत नव्हती. दुखणं तरी कुठं कळवून येतं?

नामदेवराव डॉक्टर नव्हते की कंपाउंडर नव्हते. राणीगंजात पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका शेठच्या दुकानात, मिसरूड फुटायच्या आधी, ते कामाला लागले आणि तिथेच त्यांचे केस पिकले. गावाकडचे शेतकरी मोटारीचं सामान घ्यायला त्या दुकानात यायचे. त्यातल्या एकानं कधीतरी आपल्या बायकोला सोबत आणलं, नामदेवरावांनी तिला सरकारी मोठ्या दवाखान्यात नेलं आणि ती बरी होऊन गेली. एवढं पुरे झालं. चांगुलपणाची खोड एकदा लागली, की माणसानं ती सोडतो म्हटलं तरी लोक सुटू देत नाहीत.

चिठ्ठी कुठल्या खिडकीवर मिळते, हाडांचे मोठे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कुठल्या वॉर्डबॉयला चहा पाजावा आणि कुठल्याला नुसतं "सलाम भाई" म्हटलं तरी चालतं, हे सगळं त्यांना अंगवळणी पडलं होतं. शेठ म्हणायचा, नामदेव, तू नोकरीला माझ्याकडं आहेस का दवाखान्याकडं? पण पेशंटबरोबर आलेला माणूस जाताना चार वॉशर घेऊन जातो, हे शेठलाही कळत होतं. त्यामुळे त्याचं रागावणं तोंडदेखलंच होतं.

या सगळ्या खटाटोपात नामदेवरावांचा कायदा एकच होता. डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. तो त्यांना एका प्रसंगानं शिकवला होता. त्यांच्या चुलत्याचे जावई एकनाथराव पोटाच्या दुखण्यानं तळमळत आले होते. डॉक्टरांनी परोपरीनं विचारलं, काही वेगळं खाल्लं का, काही घेतलं का? एकनाथराव पाटलाच्या घरचे, ते कसचं कबूल करतात? शेवटी त्यांच्या बायकोनं पदराआडून हळूच सांगितलं, की ताकद यावी म्हणून कुण्या भोंदूनं दिलेलं भस्म ते महिनाभर खात होते. नामदेवरावांनी भर वॉर्डात ते ओरडून डॉक्टरांना सांगितलं. एकनाथराव लाजेनं अर्धे मेले, पण उरलेले अर्धे वाचले आणि पुढं वीस वर्षं जगले. तेव्हापासून कुणीही पेशंट आला, की दवाखान्याच्या पायरीवर त्याला थांबवून नामदेवराव बजावायचे, "पहिल्यापासून सगळं सांगायचं. वकिलापुढं लपवा, बायकोपुढं लपवा, डॉक्टरपुढं नक्को."

आणि सुशीलाबाई? नवऱ्याच्या पुण्याईचा सगळा भार चुलीवर पडतो, तो त्यांनी तक्रार न करता उचलला. पेशंटला पेज, सोबत्यांना भाकरी, परत वॉर्डात डबा. त्यांना स्वतःला साखरेचा त्रास लागला आणि मागोमाग बीपी जडलं. त्याच दवाखान्याच्या रांगेत उभं राहून त्या महिन्याच्या गोळ्या कागदाच्या पुडीत आणायच्या. गोळ्या असल्या तर खायच्या, दवाखान्यात संपल्या असल्या तर देवाचं नाव घ्यायचं. दुसऱ्यांना पथ्य सांगणाऱ्या या घरात पथ्याचं अन्न फक्त पाहुण्यांसाठी शिजत होतं, याचा राग यायला हवा होता नामदेवरावांना. तो फार उशिरा आला.

मग दिवस बदलले. शहरात काचेचे दवाखाने उभे राहिले. आत शिरलं की थंडगार वारा, बसायला सोफे, औषधाचा वास म्हणून नाही. गावाकडची माणसं आता दारात येऊन विचारायला लागली, नामदेवराव, त्यातला कोणचा चांगला? आणि तिकडे मोठ्या दवाखान्यात नामदेवरावांचे ओळखीचे लोक एकेक करून रिटायर झाले. त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. जिथं फुकट व्हायचं तिथं पावती फाडायला लागली, आणि पावती फाडूनही मशीन बंद असलं तर बाहेरून करून आणा म्हणायला लागले. शेठच्या मुलानं दुकानाचं शोरूम केलं आणि नामदेवरावांना हार-नारळ देऊन घरी बसवलं.

मुलगा विक्रम कुकटपल्लीला एका खाजगी कंपनीत लागला. फ्लॅट घेतला, हप्ते सुरू झाले, तेजश्री सून म्हणून आली. विक्रम आईवर जीव टाकणारा मुलगा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्याला खलनायक ठरवील. लहानपणी आईच्या बोटाला धरून तो त्या रांगेत उभा राहिलेला होता. फरशीवर झोपलेले पेशंट, नाकाला पदर लावलेली आई, शिपायाची खेकसणी, हे सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं होतं. आपली आई पुन्हा त्या रांगेत उभी राहणार नाही, अशी त्यानं मनाशी गाठ बांधली होती. पगार वाढला तसा त्यानं आईच्या नावानं आरोग्य विम्याची पॉलिसी काढली.

एजंट आला त्या दिवशी नामदेवराव घरात नव्हते. कुणाला तरी घेऊन दवाखान्यात गेले होते, दुसरीकडं कुठं जाणार? एजंटनं चहा घेतला, सुशीलाबाईंची सही घेतली आणि आधीचा काही आजार आहे का या रकान्यात आपल्याच हातानं "नाही" लिहिलं. विक्रमनं साखरेचं काढलं तर तो हसला. सगळे असंच लिहितात सर, खरं लिहिलं तर हप्ता दुप्पट होतो नाहीतर कंपनी घेतच नाही, म्हणाला. विक्रमनं फ्लॅटचा हप्ता आठवला आणि गप्प बसला. सुशीलाबाईंना मात्र तो म्हणाला, की बाबांना हे सांगू नको, ते उगीच तत्त्वज्ञान लावतील. त्यांनी मान डोलावली. नवऱ्यापासून त्यांनी लपवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल.

नामदेवरावांना पॉलिसीचं कौतुक नव्हतं. आजारी पडायच्या आधीच आजाराचे पैसे भरायचे, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. दरवर्षी हप्ता वाढला की ते म्हणत, याच्यात तर बायको नाही, कंपनीच धष्टपुष्ट होतीय. सुशीलाबाई हसायच्या. पण मुलानं काढलेलं ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कुंकवाच्या डबीशेजारी.

संक्रांतीच्या आधल्या दिवशी तीळ भाजता भाजता सुशीलाबाईंच्या छातीत कळ आली. डावा हात बधिर झाला, घामानं चोळी भिजली. नामदेवरावांचे पाय सवयीनं मोठ्या दवाखान्याकडं वळत होते, पण फोनवर विक्रम ओरडला, बाबा, तिकडं बिलकूल न्यायचं नाही, पॉलिसी कशासाठी आहे? मग रिक्षा काचेच्या दवाखान्याकडं वळली.

तिथं त्यांची व्यवस्था फार छान झाली, हे नामदेवरावांनीही मान्य केलं. चाकाची खुर्ची पळत आली. कुणी खेकसलं नाही. दंडात सुई, नाकात नळी, आणि रक्ताची गाठ विरघळवायचं एक भारी इंजेक्शन लगेच देऊन झालं. कळ थांबली. सुशीलाबाईंनी डोळे उघडून आजूबाजूला बघितलं आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवरून हात फिरवला. म्हणाल्या, एवढ्या स्वच्छ गादीवर मी बाळंतपणात सुद्धा निजले नव्हते.

विक्रम कुकटपल्लीहून निघाला होता, पण रस्त्याच्या गर्दीत अडकला होता. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर हातात फाईल घेऊन आला आणि फार नम्रपणे हिंदीत विचारायला लागला. याआधी काही त्रास? इतक्या आदरानं नामदेवरावांना आजवर कुठल्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं. ते खुर्चीवर सरसावून बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं जे सांगितलं, ते आज स्वतःच्या बायकोसाठी सांगायचं होतं. "साब, मैं कुछ नै छुपाता," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साखर कधी निघाली, बीपी कधी लागलं, कुठल्या दवाखान्याच्या गोळ्या, कुठल्या महिन्यात त्या मिळाल्या नाहीत. डॉक्टर लिहून घेत होता. सुशीलाबाईंनी अंथरुणातून त्यांचा सदरा ओढला. नामदेवरावांना वाटलं, तिला पाणी हवंय.

ती फाईल विमावाल्यांकडं गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. आजार जुना आहे, पॉलिसी काढताना लपवला आहे, पैसे मिळणार नाहीत. दवाखान्याच्या ऑफिसातल्या मुलीनं तो निरोप तितक्याच नम्रपणे वाचून दाखवला. मग म्हणाली, बाईंच्या रक्तवाहिन्या फुगा घालून उघडायला हव्यात, लवकर हव्यात, आणि त्याच्यासाठी एवढे भरा. विक्रमनं आकडा बघितला आणि बाकावर बसला. भरलेलं डिपॉझिट एव्हाना संपलं होतं. मित्रांना फोन झाले, तेजश्रीच्या पाटल्या गेल्या, फ्लॅटवर आधीच कर्ज होतं. जमलं त्यातनं आधीच्या दोन दिवसांचंच बिल निघत होतं, तेही पुरतं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे होते. विक्रमचे डोळे सुजले होते. तो आवाज न चढवता बोलला, म्हणून ते जास्त लागलं.

"बाबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं? एक शब्द नसता बोलला तर आज आईचं ऑपरेशन झालं असतं."

नामदेवरावांनी सांगून बघितलं, की डॉक्टरनंच विचारलं होतं. खरं सांगणं गुन्हा कधीपासून झाला, हेही त्यांना विचारायचं होतं, पण मुलाचा चेहरा बघून ते गिळलं. फॉर्मवर काय लिहिलं होतं हे त्यांना त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा कळलं. त्यांना मुलाचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. आपल्याच तोंडाचा आला.

शेवटी आईला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. जिथं आई पुन्हा जाणार नाही अशी गाठ बांधली होती, तिथंच. पूर्ण बिल भरल्याशिवाय फाईल मिळणार नाही, असं ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं. तेव्हा कागद नव्हतेच. रिक्षात बसताना विक्रमनं बापाचा हात धरला.

"एक ऐका. प्रायव्हेटमधनं काढून आणलंय म्हटलं, तर हे लोक परत पाठवतात. पैसे संपले की आमच्याकडं आणून टाकता का, म्हणतात. माझ्या मित्राच्या वडलांना असंच गेटवरून फिरवलं. तिथं मी बोलतो. तुम्ही तोंड उघडू नका. शपथ आहे आईची."

आईची शपथ, आणि आई तर शेजारीच बसलेली, डोळे मिटून. एरवी नामदेवरावांनी ऐकलं नसतं. पण कालच त्यांच्या बोलण्यानं घर बुडालं होतं, आणि ज्याच्या बोलण्यानं घर बुडतं त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली ती व्हरांड्यात. नामदेवरावांनी ओळखीचा चेहरा शोधला, एकही सापडला नाही. अंगावर कंत्राटदाराचा निळा शर्ट घातलेला वॉर्डबॉय त्यांना म्हणाला, बाजूला सरका तात्या. रात्रपाळी करून आलेला एक तरुण डॉक्टर आला. डोळे लाल, केस विस्कटलेले, पण नाडी धरताना त्याचा हात हळुवार होता. त्यानं तेलुगूत विचारलं, कधीपासून दुखतंय?

विक्रम म्हणाला, आज पहाटेपासून.

आधी कुठं दाखवलं? डॉक्टरनं सुशीलाबाईंच्या हातावरच्या सुईच्या खुणांकडं बघितलं. विक्रम म्हणाला, गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं होतं, बस. डॉक्टरनं परत विचारलं, गाठ विरघळवायचं इंजेक्शन कुठं दिलंय का? ते दिलं असेल तर सांगा. विक्रमला इंजेक्शनाचं नावही माहीत नव्हतं. तो पोचायच्या आधीच ते देऊन झालं होतं. त्यानं मान हलवली, नाही.

नामदेवरावांना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दिलं होतं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आयुष्यभर शेकडो माणसांना याच इमारतीच्या पायरीवर थांबवून त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. आज सांगितलं तर मुलगा म्हणेल, परत आईला घालवलंत. गेटवरून परत पाठवलं तर जायचं कुठं? त्यांनी सुशीलाबाईंकडं बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी अगदी थोडी मान हलवली, गप्प रहा अशी. किंवा वेदनेनं हलली असेल. डॉक्टर तोवर सिस्टरला सूचना देऊन पुढच्या खाटेकडं वळला होता.

तेच इंजेक्शन परत दिलं गेलं. दुपारपर्यंत सुशीलाबाई बऱ्या वाटत होत्या. तेजश्रीला त्यांनी विचारलं, चुलीवर तीळ तसेच राहिले होते ते काळवंडले का गं? मग डोकं दुखतंय म्हणाल्या. मग बोलणं जड झालं, आणि अर्ध्या वाक्यातच शब्द थांबले.

नामदेवराव उठले आणि व्हरांडाभर त्या डॉक्टरला शोधत सुटले. लिफ्टपाशी तो सापडला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काचेच्या दवाखान्यापासून, इंजेक्शनापासून. डॉक्टर ऐकत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पळतच खाटेकडं गेला, दोघे-तिघे आणखी आले, बरंच काही केलं. संध्याकाळी त्यानं नामदेवरावांना एका बाजूला घेतलं आणि सांगितलं की मेंदूत रक्त उतरलंय. ते इंजेक्शन इतक्या लवकर परत द्यायचं नसतं. आणि दुखणं तीन दिवसांचं आहे हे कळलं असतं, तर दिलंच नसतं.

"सकाळी तुम्ही इथंच उभे होता ना, पेद्दायना," थोरल्या माणसाला तेलुगूत म्हणतात तसं तो म्हणाला. "मी दोनदा विचारलं होतं."

नामदेवराव म्हणाले, हौ साब.

दिवेलागणीला सुशीलाबाई गेल्या. विक्रम औषधं आणायला बाहेर गेला होता. हातात पिशवी घेऊन तो धावत परत आला आणि खाटेवर ओढलेली चादर बघून तिथंच खाली बसला. लहान पोरासारखा रडला. बऱ्याच वेळानं त्यानं वर बघितलं आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

नामदेवरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. हा मुलगा उद्या उठणार होता, फ्लॅटचे हप्ते भरणार होता, काचेच्या दवाखान्याचं राहिलेलं बिल फेडणार होता. आणखी पुष्कळ वर्षं जगणार होता.

"म्हणाले, हार्टच फार खराब झालं होतं," नामदेवराव म्हणाले. "कुठंही नेलं असतं तरी वाचली नसती."

"म्हणजे इथं आणून आपलं काही चुकलं नाही ना?"

"नाही रे बाळा. तुझं काही चुकलं नाही."

विक्रमनं डोळे पुसले. आईच्या थंड पायांवर हात ठेवला. मग बापाकडं न बघता म्हणाला, "निदान त्या दवाखान्यात तुम्ही बोलला नसता, बाबा. ती तिथंच बरी झाली असती."

नामदेवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हौ," ते म्हणाले. "ते माझंच चुकलं."

आणि दोघं मिळून सुशीलाबाईंना घरी न्यायच्या तयारीला लागले.